भर दुपारची विहीर

लेंटचे दिवस आले की मला तहान लागते. ईस्टरच्या आधीचे हे आमचे उपासाचे आणि प्रार्थनेचे दिवस, आणि मराठवाड्यात ते नेमके ऊन तापायला लागतं तेव्हाच येतात. कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटते, सकाळीच अंगणातली फरशी पायाला चटके देते, आणि चर्चमधले पंखे इतका आवाज करतात की पाळकांचं अर्धं प्रवचन पात्यांतच अडकून पडतं. बाया गीतांच्या पुस्तकानं वारा घेतात. अशाच एखाद्या रविवारी शोमरोनी बाईचा उतारा वाचला जातो, आणि अख्ख्या चर्चला पाण्याची आठवण येते.

हा उतारा योहानाच्या शुभवर्तमानातला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. येशू चालून चालून थकलाय. शोमरोन नावाच्या मुलखात एका जुन्या विहिरीच्या काठावर तो बसलाय, शिष्य गावात खायला आणायला गेलेत. दुपारचे बारा वाजलेत. एक बाई घागर घेऊन एकटीच येते. येशू तिच्याकडं प्यायला पाणी मागतो. ती चक्रावते. तो यहुदी, ती शोमरोनी, आणि यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला हात लावत नसे. तुम्ही, आणि माझ्याकडं पाणी मागता, असं ती विचारते. मग दोघांचं बोलणं होतं, चांगलं लांबलचक, आणि शेवटी ती आपली घागर तिथंच टाकून गावाकडं धावते.

मधल्या बोलण्यात कळतं की तिचे पाच नवरे होऊन गेलेत. झालं! आमचे प्रवचनकार त्या पाच नवऱ्यांवर अर्धा अर्धा तास बोलतात. तिच्या घागरीवर कुणी शब्द काढत नाही. ती बाई एकटी, भर उन्हात, गावातल्या इतर बाया पाणी भरून गेल्यावर का आली असेल, हेही नवऱ्यांच्या हिशेबातच सांगून मोकळे होतात. बाराच्या उन्हात डोक्यावर घागर घेतली तर मानेचं काय होतं, हे यांच्यापैकी एकालाही ठाऊक नसावं.

यंदा आमच्या तरुण पाळकांचा फोन आला. "ताई, येत्या रविवारचं वाचन तुम्ही कराल का?" मी हो म्हटलं. उतारा मला तोंडपाठ आहे, तरी चष्मा लावून घरी मोठ्यानं वाचून पाहिला. बारा वाजल्याची ओळ आली आणि माझा आवाज थांबला. त्याच ओळीवर एकदा माझे पप्पा थांबले होते. बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा होता, गाव तेव्हाचं औरंगाबाद, आणि मी शाळकरी मुलगी होते.

आमचं कंपाऊंड म्हणजे एक चर्च, एक शाळा, कौलारू घरांची रांग आणि मधोमध विहीर. विहिरीच्या कठड्यावर आजोबांनी चुन्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: तहानलेल्यानं यावं. दर ख्रिसमसला ती अक्षरं पुन्हा गिरवली जात. आजोबा सोयगावकडच्या एका खेड्यातले, गावकुसाबाहेरचे. तिथल्या विहिरीवर त्यांना पाणी शेंदता येत नसे. भांडं खाली ठेवायचं, लांब उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर तो वरून धार धरायचा. तहान फारच लागली तर ओंजळ. आईचं माहेरही त्याच बाजूचं, तिनंही लहानपणी हे केलं होतं. पुढं ती शिकली, मास्तराची बायको झाली, इस्त्रीची साडी नेसून चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू लागली. पण परक्या ठिकाणची विहीर दिसली की तिचे पाय आपोआप दोन हात अलीकडं थांबायचे. तिच्या ते लक्षातही येत नसे. माझ्या यायचं, आणि मला तिचा राग यायचा.

म्हणूनच तो उतारा आमच्या लोकांना इतका जवळचा. आजोबांना दुसऱ्या कुठल्या चमत्काराचं फारसं अप्रूप नव्हतं. पाण्याचा द्राक्षारस झाला, झाला असेल. मेलेला उठला, चांगलंच आहे. "पण देव आपल्या भांड्यातलं पाणी मागतो," ते म्हणायचे, "हे मात्र लई मोठं काम झालं." हे सांगताना दर वेळी त्यांचे डोळे भरून यायचे. दुष्काळाच्या आधी, शेवटच्या आजारपणात, त्यांनी हाच उतारा माझ्याकडून वाचून घेतला होता, आणि तो ऐकत ते शांत झोपायचे. दिलासा म्हणजे काय, हे मी तेव्हा पाहिलं.

तर बहात्तर साल. पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. घरोघर रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या भाकरी, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं, शाळेत सुकडी. हर्सूलचा तलाव आटला, नळांना धाप लागली. थंडी सरता सरता आसपासच्या गल्ल्यांतल्या बाया आमच्या विहिरीवर येऊ लागल्या. पाणी होतं, पण रोज एकेक पायरी उघडी पडत होती. दोर पुरेना म्हणून जोडला. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या पंचांची बैठक भरली. पप्पा शाळेत मास्तर आणि मंडळीचे सेक्रेटरी. नियम करायचं काम साहजिकच त्यांच्याकडं आलं.

पप्पांनी न्यायानं नियम केला, यात शंका नाही. विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची, तिला कुलूप. सकाळी आणि संध्याकाळी कंपाऊंडमधली घरं पाणी भरतील. दुपारी बाराला बाहेरच्यांसाठी जाळी उघडायची. "कुणाला नाही म्हणायचं नाही," पप्पा म्हणाले, "पण सगळे एकदम आले तर झऱ्यांना दम नाही. दुपारी आपली गर्दी नसते." सगळ्यांनी माना डोलावल्या. गुलमंडीतून पप्पांनी मुठीएवढं पितळी कुलूप आणलं. ते जाळीला लावलं, आणि त्याच्या बरोबर खाली आजोबांची अक्षरं राहिली. तहानलेल्यानं यावं. कुणाला काही खटकलं नाही. उलट आम्ही स्वतःवर खूष होतो. शहरात लोक पाणी लपवत होते आणि आम्ही देत होतो. ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या चांगुलपणाची गुंगी फार लवकर चढते, हे मी स्वतःला धरूनच म्हणते.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यातून मला विहीर दिसायची. सावली अशी नाहीच. घागरींची रांग तापलेल्या फरसबंदीवर, आणि बाया पदर पुढं ओढून एका पायावरून दुसऱ्या पायावर. तरीही दुवा देत जायच्या. कंपाऊंडची माणसं चांगली, म्हणायच्या.

एक बाई मात्र येत नव्हती. खैरूनखाला. आमच्या कंपाऊंडच्या भिंतीपलीकडं त्यांचं घर. त्यांचे मालक हिमरूच्या शाली विणायचे, भिंतीतून दिवसभर मागाची खटखट ऐकू यायची. आईची आणि त्यांची मैत्री भिंतीवरून चालायची. ईदचा शीरखुर्मा अलीकडं यायचा, ख्रिसमसच्या करंज्या पलीकडं जायच्या, आणि वर्षभर मीठमिरची. खैरूनखाला आमच्या चुलीपर्यंत यायच्या, पातेल्याचं झाकण उघडून वास घ्यायच्या आणि नाक मुरडून म्हणायच्या, "सुशीला, मिरची कमी हय." कुलूप लागलं तसं त्यांचं येणं कमी झालं. मग थांबलं.

आईनं भिंतीवरून हाक मारली. "खैरून, पाण्याला का येत नाय गं?"

"नक्को. चौक के नल से लाती मैं."

"लई लांब हाय की तो."

"अल्लाने पाँव दिये ना," असं म्हणून त्या आत गेल्या.

संध्याकाळी भाकरी थापता थापता आई पप्पांना म्हणाली, "ती माझ्या चुलीपाशी बसती. इहिरीवर मात्र बाहेरची, व्हय?"

"एकीसाठी नियम मोडला तर तो नियम राहत नाही," पप्पा म्हणाले. "आणि पाणी किती खाली गेलंय, पाहिलंस का? उद्या विहीर आटली तर या सगळ्या घरांनी जायचं कुठं?"

पप्पांचं चूक नव्हतं. विहीर आटण्याची भीती खरी होती. रोज सकाळी ते जाळीतून वाकून उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजायचे. आई भाकरी उलटत राहिली. त्या दिवसापासून भिंतीपलीकडच्या मागाची खटखट आली की ती हातातलं काम थांबवून ऐकत राहायची. शालींना गिऱ्हाईक नव्हतं, खटखटही क्वचितच यायची.

मग तो रविवार आला. वाचन पप्पांचं होतं. उपासना लांबली होती, सूर्य डोक्यावर आला होता. चर्चच्या खिडक्या वाऱ्यासाठी सताड उघड्या, आणि खिडकीतून विहीर समोर. पप्पांचा आवाज खणखणीत, मास्तराचा. येशू थकला, विहिरीपाशी बसला, इथपर्यंत छान वाचलं. बारा वाजल्याची ओळ आली आणि ते थांबले. आम्हाला वाटलं, चष्म्यावर घाम आला असेल. त्यांनी मान वर केली. खिडकीबाहेर बायांची रांग उभी होती. बारा वाजून गेले होते, ऊन ओकत होतं, आणि त्या बिचाऱ्या आमची उपासना कधी सुटते याची वाट पाहत होत्या, कारण विहिरीची किल्ली पप्पांच्या कोटाच्या खिशात होती.

पप्पांनी खिसा चाचपला. "पाळकसाहेब, एक मिनिट," असं म्हणून ते वेदीपाशी पवित्र शास्त्र उघडं ठेवून बाकांच्या मधून चालत बाहेर गेले. अख्खी मंडळी माना वळवून पाहत होती. कुलूप उघडल्याचा आवाज आला, जाळी सरकली. घामानं डबडबलेले पप्पा परत आले, ओळीवर बोट ठेवलं आणि पुढं वाचू लागले. तो सगळा उतारा आम्ही रहाटाच्या कुरकुरीत ऐकला. मी पुढं मोठमोठी प्रवचनं ऐकली, पण त्या रहाटासारखं स्पष्ट कुणी बोललं नाही.

उपासनेनंतर पंच कडुनिंबाखाली जमले. पप्पा उभे राहूनच बोलले. "ती बाई दुपारी का येत होती, हे मी मुलांना दरवर्षी शिकवतो. चांगल्या वेळा चांगल्या माणसांनी घेतल्या होत्या म्हणून. आता आपण काय केलंय?" एक म्हातारे पंच चिडले. "मास्तर, पाणी संपलं तर?" पप्पा म्हणाले, "संपलं तर सगळ्यांचं संपेल." वाद झाला, आवाज चढले, एकदोघं उठून गेले. पण सोमवारपासून पहाटे एकच रांग लागली. आतले, बाहेरचे, घरटी सारख्या घागरी. पप्पांनी ते कुलूप आमच्या ट्रंकेला लावून टाकलं. ट्रंकेत चोरण्यासारखं काहीही नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर प्रवचनाला फार सोयीची झाली असती. पण खैरूनखाला तरीही आल्या नाहीत. पहाटे रांग लागायची, आई प्रत्येक चेहरा पाहायची, आणि तो चेहरा नसायचा. आम्ही दार उघडलं होतं, पण तेही आमच्याच मर्जीनं. देणारे पुन्हा आम्हीच होतो.

चारदोन दिवस आईनं वाट पाहिली. मग एका दुपारी मला म्हणाली, "चल, खैरूनकडं जायचंय." मला वाटलं, घागर भरून नेणार. तिनं हातात काहीच घेतलं नाही. फाटकातून बाहेर, वळसा घालून, उन्हातून आम्ही त्यांच्या दारात गेलो. खैरूनखाला उंबऱ्याशी बसून मिलो निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, पण या म्हटलं नाही.

आई दारातच उभी राहिली. "खैरून, मला लई तहान लागली. पाणी दे."

खैरूनखालांचा हात सुपातच राहिला. "अगे, तेरे आंगन में बावडी हय, और तू मेरे दरवाजे पे पानी मांगती?"

"व्हय. तुझ्या घरचं दे."

त्या उठल्या. रांजणात ओगराळं तळाला घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. चौकातल्या नळावरून डोक्यावर आणलेलं पाणी. गिलास भरला नाही, तरी त्यांनी तो पुढं केला. आमच्याकडं सगळे गिलास उंच धरून वरूनच पाणी पितात, आईचीही तीच सवय. त्या दिवशी तिनं गिलासाला तोंड लावलं आणि सगळं पाणी संपवलं. पदरानं ओठ पुसले. खैरूनखाला रडायलाच लागल्या.

"मेरे सुसरे बोलते थे," त्या म्हणाल्या, "पोलीस ॲक्शन के बाद बाहर निकलने की हिम्मत नहीं थी. तेरे सुसरे ने घागर ला के यहीं, इसी दरवाजे पे रखी. मांगना भी नहीं पडा. उसी घर ने मेरेकू बारा बजे का टैम दिया, सुशीला. मैं कैसी आती?"

अठ्ठेचाळीस सालची, निजामाचं राज्य गेलं तेव्हाची ही गोष्ट आजोबांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती. आई एवढंच म्हणाली, "चुकलं आमचं." आणि उंबऱ्यावर बसून त्यांच्याबरोबर मिलो निवडू लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे खैरूनखाला रांगेत होत्या, आणि पुढच्या बाईला दोर कसा धरावा हे शिकवत होत्या. संध्याकाळी पप्पांनी आईला विचारलं, "तिला काय सांगितलंस तू?" आई म्हणाली, "मी काय सांगणार? तुम्हीच तर वाचलं."

तो उतारा दिलासा देतो तितकाच टोचतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं, आणि आता माझं वय आईच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढं गेलं तरी ते बदललेलं नाही. आम्ही ख्रिस्ती माणसं देण्यात पटाईत. शाळा दिल्या, दवाखाने दिले, दुष्काळात दूध वाटलं. त्यात खोटं काही नाही. पण येशू त्या बाईला काही द्यायला गेला नव्हता, निदान सुरुवातीला तरी. त्यानं आपली तहान तिला दाखवली. देणाऱ्याचा हात वर राहतो. मागणाऱ्याला ओंजळ खाली धरावी लागते, आणि ज्यांच्या आजोबांनी सक्तीनं ती धरली त्यांना ती आपखुशीनं पुन्हा धरा म्हणणं, हे सोपं सांगणं नाही. मी तरीही ठामपणे म्हणते, त्या उताऱ्याचा गाभा हाच आहे. बाकी पाच नवरे वगैरे नंतर.

आता मी संभाजीनगरच्या एका सोसायटीत राहते. नळाला पाणी कितव्या दिवशी येईल हे ज्योतिषालाही सांगता येणार नाही, उन्हाळ्यात टँकर मागवतो. गेल्या महिन्यात शेजारच्या प्लॉटवरच्या बांधकामाच्या बाया आमच्या टाकीवर पाणी मागायला आल्या. मीटिंगमध्ये एक सज्जन म्हणाले, "द्यायला हरकत नाही, पण दुपारी येऊ देत. तेव्हा आपली गर्दी नसते." मी खुर्चीतून अशी उठले की शेजारची घाबरली. आता त्या सकाळी, आमच्याबरोबरच भरतात. दोघांनी नाकं मुरडली, मुरडू देत. पण त्यांच्या पत्र्याच्या खोलीपाशी जाऊन, बाई, तहान लागलीय, पाणी दे, असं म्हणायला माझे पाय अजून उचललेले नाहीत. रविवारी वाचन झालं की चर्चमधून थेट तिकडंच जाणार आहे. हे इथं लिहून ठेवलं म्हणजे मागं फिरता येणार नाही.

आणि विहिरीचं काय झालं? चमत्कार झाला नाही. मे महिन्यात ती आटली. पोहऱ्यात चिखल येऊ लागला. म्हातारे पंच म्हणाले, मी सांगत नव्हतो? त्याच दिवशी भिंतीवरून हाक आली. "सुशीला, घागर ले, चल." मशिदीमागची जुनी बुजलेली विहीर गल्लीतल्या माणसांनी उपसली होती, गाळाखाली झरा लागला होता. आमच्या कंपाऊंडमधली सगळी घरं घागरी घेऊन खैरूनखालांच्या मागून निघाली, ते म्हातारे पंचसुद्धा.

परकी विहीर दिसली आणि आईचे पाय दोन हात अलीकडं थांबले. तिनं घागर खाली ठेवली, आणि कुणीतरी वरून धार धरील म्हणून वाट पाहत उभी राहिली. इस्त्रीची साडी, मास्तराची बायको, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी. मला या वेळी राग आला नाही, रडू आलं. खैरूनखाला कठड्यापाशी पोहोचल्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं.

"दूर क्यूं खडी गे?" त्या ओरडल्या. "इधर आ. रस्सी पकड."

आई पुढं झाली, आणि तिनं दोर धरला.